देवाच्या कामाची मजुरी

खेड्यातल्या बॅप्टिस्ट पाळकाचं घर कशावर चालतं, हा प्रश्न वरवर पाहिला तर त्याच्या घरापुरता वाटतो. पण त्याच्या मागोमाग दुसरे प्रश्न येतात. देवाचं नाव सांगणाऱ्यानं पैसे घ्यावेत का? घेतले तर कुणाकडून? आणि ज्यांच्याकडून घेतले, त्यांना तो तोंडावर खरं सांगू शकतो का? वारकरी कीर्तनकार असो की ख्रिस्ती पाळक, महाराष्ट्रात हे प्रश्न कुणालाच चुकलेले नाहीत.

२०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक साधारण १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरात एकही पुरता नाही. त्यांतले बरेचसे मुंबई, वसई, पुणे, अहिल्यानगर या भागांतले. मराठवाड्याच्या खेड्यांत ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच. बॅप्टिस्ट हा त्यांतलाही लहान प्रवाह. त्यांच्यात बिशप नसतो, बदलीचा हुकूम काढणारं मुख्यालय नसतं. गावातली मंडळी स्वतः पाळक निवडते, त्याला काय द्यायचं ते ठरवते आणि पटेनासं झालं तर निरोपही देते.

खालच्या संवादातली दोन्ही माणसं कल्पित आहेत. एक गुरुजी : वसमत तालुक्यातल्या एका गावचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, माळकरी, आषाढी न चुकवणारे. दुसरा त्याच गावातला, चाळिशी गाठलेला बॅप्टिस्ट पास्टर. माणसं कल्पित असली तरी वाद खरा आहे, आणि त्यात मी कुठं उभा आहे ते शेवटी सांगेन.

गुरुजी : पास्टर, स्पष्टच विचारतो, राग मानू नका. नामदेवांची नर्सी आपल्याच जिल्ह्यात. तेरचे गोरोबा मडकी घडवत राहिले, अरणचे सावता महाराज मळा राखत राहिले, तुकोबांचं वाण्याचं दुकान होतं. देवाचं नाव घेतलं म्हणून यांतल्या कुणी मोबदला मागितला नाही. तुम्ही मात्र दर रविवारी थैली फिरवता आणि त्यावर घर चालवता. हे माझ्या मनाला पटत नाही.

पास्टर : राग कसला, गुरुजी. पण आधी थैलीत काय पडतं ते ऐका. आमची मोजकी घरं. एक-दोघांना दोन-दोन एकर, बाकीचे रोजंदारीवर. सोयाबीन निघालं, हळद विकली की थैली जरा जड लागते. पेरणीच्या दिवसांत नुसती नाणी वाजतात. त्यावर घर चालत नाही. म्हणून फेब्रुवारी ते एप्रिल मी हळदीच्या बॉयलरवर जातो.

गुरुजी : ते पाहतो मी. पहाटे परतताना तुमची सायकल आमच्या दारावरूनच जाते.

पास्टर : बायका गड्डे आणि हळकुंडं निवडून आधीच वेगळी करून ठेवतात. आम्ही ड्रम भरतो, झाकण आवळतो, वाफ सोडतो. पांढरी वाफ बाहेर यायला लागली, वास बदलला आणि काडी टोचल्यावर अडली नाही, की हळद शिजली. कमी शिजली तर वाळताना त्रास देते, जास्त शिजली तर रंग बिघडतो. ड्रम उपडा करायचा, पुन्हा भरायचा, उजाडेपर्यंत. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, भाव चढले की पेपरात बातमी येते. बॉयलरवरच्या माणसाला मिळतो तो रातीचा रोज. रविवारी उपासनेत पवित्र शास्त्र उघडतो तेव्हा कडेला पिवळे ठसे उमटतात. माझ्या शास्त्राची स्तोत्रसंहिता सगळी पिवळी झाली आहे.

गुरुजी : मग झालंच की! हाताला काम आहे, कष्टाची भाकर आहे. म्हणजे तुम्ही आमच्या संतांच्याच वाटेवर आहात. आता फक्त थैली बंद करा.

पास्टर : नेमकं तिथंच मी अडतो. कष्ट करून सेवा करणारे आमच्यातही होऊन गेले. पौल प्रेषित करिंथात तंबू शिवायचा. आमच्या पंथातला विल्यम कॅरी तुम्हाला ठाऊकच असेल.

गुरुजी : मराठी व्याकरणवाला? १८०५चं व्याकरण, १८१०चा कोश. वैजनाथ पंडितांना हाताशी धरून केलेली ती कामं. डी.एड.ला त्याचं नाव पाठ होतं.

पास्टर : तोच. पण कोश करण्याआधी तो इंग्लंडातल्या मोल्टन नावाच्या खेड्यात बॅप्टिस्ट पाळक होता. मंडळी गरीब, देणगी तुटपुंजी. म्हणून शाळा चालवायचा आणि जोडे शिवायचा. १७९३ मध्ये बंगालात आला, तेव्हाही पोटासाठी निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापक झाला आणि आता मला पैसे पाठवायची गरज नाही असं त्यानं मागं कळवलं. म्हणजे कष्टाला माझा नकार नाही. तरीसुद्धा थैली बंद करायला मी तयार नाही. उद्या बॉयलरवर मला महिन्याचं पक्कं काम लागलं, तरी नाही.

गुरुजी : का म्हणून? पोट भरलं तरी हात पुढं करायचा?

पास्टर : मी फुकट सेवा करायला लागलो तर मला जाब कोण विचारणार? आज गंगूमावशी दहा रुपये टाकते. दहा रुपये टाकणारी बाई सभेत उभी राहून विचारते, पास्टर, मी आजारी पडले तेव्हा तुम्ही चार दिवस कामून आला नाहीत? तो तिचा हक्क आहे, आणि तिनं तो स्वतःच्या पैशानं मिळवलेला आहे. मी काहीच घेत नसलो तर तीच बाई म्हणेल, बिचारा फुकट करतो, त्याला काय बोलायचं. असं वर्ष-दोन वर्षं चाललं की मंडळी माझ्या मालकीची होते. आधी जागा माझ्या नावावर, मग पत्रे माझे, मग माझ्यामागं गादीवर माझा पोरगा. असे फुकटवाले मी पाहिले आहेत. ते पगारवाल्यांपेक्षा जड जातात.

गुरुजी : हा मुद्दा माझ्या ध्यानात नव्हता आला. पण त्याची दुसरी बाजूही ऐका. आमच्याकडं काय झालंय ते मी डोळ्यांनी पाहतोय. सप्त्याला कीर्तनकार बोलवायचा तर आधी बिदागी ठरते, गाडीभाडं वेगळं. माझ्या लहानपणी बुवा पायी यायचे, शिधा घेऊन जायचे.

पास्टर : शिधा घ्यायचेच ना? मग तेही फुकट नव्हतं.

गुरुजी : शिधा वेगळा आणि दर वेगळा. शिधा देणारा आपल्या घरातलं आपल्या मनानं देतो. दर घेणारा आपला भाव सांगतो. आणि भाव सांगणाऱ्याला गिऱ्हाईक सांभाळावं लागतं. मग कीर्तनात व्यसनावर बोलणं कमी होतं, कारण वर्गणी ज्यानं जास्त दिली त्याचाच धंदा असतो. तुमची मंडळी तर मोजक्या घरांची. त्यातल्या एकानं हात आखडला की तुमची चूल अर्धी. अशा माणसाला तुम्ही खरं सांगणार?

पास्टर : सांगावं लागलं. आमच्यातल्या एका बऱ्यापैकी घरानं मुलाच्या लग्नात हुंडा ठरवला. उघड नव्हे, मोटारसायकल आणि संसाराचं सामान या नावाखाली. मी म्हणालो, हे लग्न मी लावणार नाही. मंडळीची सभा बसली. आमच्यात बाप्तिस्मा घेतलेल्या प्रत्येकाला एक मत असतं. दोन एकरवाल्याला एक आणि निंदायला जाणाऱ्या बाईलाही एकच. हात वर झाले. बायकांनी हुंड्याच्या विरोधात मत दिलं, म्हणून माझी बाजू टिकली.

गुरुजी : आणि ते घर?

पास्टर : गेलं. दुसऱ्या एका प्रचारकानं लग्न लावून दिलं. आता ते तिकडं उपासनेला जातात. थैली हलकी झाली ती अजून भरून निघालेली नाही.

गुरुजी : म्हणजे मी म्हणतो तेच झालं. खरं बोललात आणि उपाशी राहिलात.

पास्टर : उपाशी नाही, अर्धपोटी. पण तो निर्णय माझ्या एकट्याचा नव्हता. बिशपच्या हुकमानं मी हे लग्न नाकारलं असतं तर मंडळी माझ्यावर चिडली असती आणि हुंडा चालूच राहिला असता. आता ते त्यांचं स्वतःचं ठरलेलं आहे. पुढच्या लग्नाच्या वेळी मला बोलावंही लागलं नाही.

गुरुजी : मग बाहेरून मदत घ्या ना. लोक तर म्हणतात, तुम्हाला परदेशातून पैसा येतो.

पास्टर : लोक काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. पोलीस ठाण्यातही तोच प्रश्न पहिला असतो. खरं सांगतो, कितीतरी गावांतल्या पाळकांना पूर्वी मोठ्या संस्थांमार्फत थोडं मानधन मिळायचं. २०२०च्या सप्टेंबरात परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. परदेशी पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेतल्या खात्यात यायला हवा, आणि तो घेणाऱ्या संस्थेनं दुसऱ्या संस्थेला पुढं द्यायचा नाही. वर टाळेबंदी चालूच होती. उपासना बंद, थैली बंद आणि मनीऑर्डरही बंद. कुणी भाजी विकली, कुणी रिक्षा धरली.

गुरुजी : कायद्याचा उद्देश वाईट नाही. पैसा कुठून येतो हे सरकारला कळलं पाहिजे.

पास्टर : कळलंच पाहिजे. पण मला त्या पैशाची दुसरीच भीती वाटते. जो पैसे पाठवतो त्याला अहवाल लागतो. किती गावं केली, किती बाप्तिस्मे दिले. मग पाळक आकडे लिहायला शिकतो. गंगूमावशीच्या दारी बसून राहिल्याचा आकडा होत नाही, म्हणून तो तिथं बसायचं सोडतो. ज्याला हिशेब द्यायचा, त्याच्याच तोंडाकडं माणूस पाहतो. तुम्ही रेव्हरंड टिळकांबद्दल वाचलंय ना?

गुरुजी : ‘स्मृतिचित्रे’ मी तीनदा वाचलंय. नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये बाप्तिस्मा, मग नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये. कीर्तन आणि भजन ख्रिस्ती लोकांत नेलं त्यांनी. तुकोबांच्या वाटेनं मी ख्रिस्तापाशी आलो, असं म्हणायचे. आणि १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला. पाहा, तुमच्या मोठ्यात मोठ्या माणसानंही शेवटी माझंच म्हणणं मानलं!

पास्टर : त्यांनी मिशनचा पगार सोडला हे खरं. ‘देवाचा दरबार’ हा आपला संघ काढला तो मोकळेपणानं या मातीत काम करावं म्हणून. पण आपल्या माणसांची भाकर त्यांनी नाकारली नव्हती. पगार देणारा परका होता, तो सोडला. एकोणिसाव्या शतकातच मिशनवाल्यांचे मोठे पुढारी सांगत होते की इथल्या मंडळ्यांनी आपल्या पायावर उभं राहावं, आपला कारभार आपण करावा. अमेरिकेतून रुफस अँडरसन १८५४-५५ मध्ये स्वतः इकडं येऊन गेला. पण बंगला, शाळा, दवाखाना, पगार, सगळं बाहेरून येत राहिलं. मग माणसाला वाटतं, देव म्हणजे कुठल्या तरी ऑफिसातला साहेब. ती सवय मोडायला थैलीच लागते.

गुरुजी : टिळकांचं नाव काढलंत, तर ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचंही काढा. टिळक देऊन मोकळे व्हायचे. घरात पीठ आहे का, हे लक्ष्मीबाईंनी पाहायचं. तुमच्या घरी वेगळं आहे का? रात्री तुम्ही बॉयलरवर. मंडळीतली बाळंतीण कोण पाहतं? संडे स्कूल कोण घेतं? पाहुणा आला की चहा कोण टाकतं? पाळकीणबाई शिलाई मशीनवर बसतात ते वेगळंच. मंडळीला एका माणसाच्या दानात दोन माणसं मिळाली आहेत. सभेत हात वर झाले तेव्हा हा विषय कधी निघाला?

पास्टर : नाही निघाला.

गुरुजी : मग तुमची ती सभा अजून पुरी लोकशाही नाही. हक्क पैशानं मिळतो म्हणता, तर जिच्या कामाची वहीत ओळच नाही, तिनं हक्क कुठून आणायचा?

पास्टर : गुरुजी, याला माझ्याकडं उत्तर नाही. पाळक निवडताना मंडळी मला प्रश्न विचारते. माझ्या बायकोला विचारलं होतं फक्त, गाणी येतात का. तुम्ही म्हणता तशी ओळ वहीत आली पाहिजे.

गुरुजी : आता आणखी एक कडू गोष्ट. गावातल्या पुष्कळांना तुमचा पैसा खुपत नाही, धर्मांतर खुपतं. माणसाच्या अडचणीत तुम्ही जाता, नांदेडला विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात त्याच्या उशाशी बसता, आणि नंतर तो तुमच्या उपासनेला येतो. याला सेवा म्हणायचं की गळ?

पास्टर : गळ टाकला असता तर पहिला मासा माझ्याच घरात होता. माझा मोठा पोरगा चौदा वर्षांचा आहे. त्याचा बाप्तिस्मा झालेला नाही.

गुरुजी : पास्टरच्या पोराचा?

पास्टर : हो. बॅप्टिस्ट तान्ह्या लेकराला बाप्तिस्मा देत नाहीत. कळत्या वयात, स्वतःच्या तोंडानं विश्वास सांगितल्यावर, पाण्यात पुरतं बुडवून देतात. बाप पाळक आहे म्हणून लेकरू ख्रिस्ती, हे आम्हाला मान्य नाही. उद्या तो नाही म्हणाला तर मी रडेन, पण ओढणार नाही. १९७० मध्ये नागपुरात सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात उत्तरेकडच्या बॅप्टिस्टांची परिषदही होती, तेव्हा याच मुद्द्यावर वाट काढावी लागली. शेवटी दोन्ही रीती मान्य झाल्या. आमच्या सुरुवातीच्या पुढाऱ्यांत थॉमस हेल्विस होता. त्यानं १६१२ च्या सुमाराला पुस्तक लिहून इंग्लंडच्या राजाला बजावलं की प्रजेच्या आत्म्यावर राजाची सत्ता नाही. ते स्वातंत्र्य त्यानं आपल्यापुरतं मागितलं नाही, मुसलमान आणि यहुदी यांच्यासाठीही मागितलं. त्यापायी तो तुरुंगात गेला.

गुरुजी : पण १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय, धर्माचा प्रचार करण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नाही.

पास्टर : स्टॅनिस्लॉस खटला. निकालाच्या सगळ्या तपशिलाशी मी सहमत नाही, पण एका माणसाला दुसऱ्याचं मन बदलता येत नाही, हे तर आम्ही आधीपासूनच म्हणतो. दवाखान्यात जातो तेव्हा शास्त्र पिशवीत ठेवतो. विचारलं तरच काढतो. माझ्याकडं बाप्तिस्मा मागणाऱ्याला मी वर्षभर तरी थांबवतो. आणि आमच्याकडं पाणीही थांबवतं! बुडवायला कंबरेइतकं पाणी लागतं. उन्हाळ्यात ते कुठून आणायचं? सिद्धेश्वर धरणातून कालव्याला पाळी सुटली की आम्ही पहाटे जातो. मागच्या वेळी पाळी लांबली, तर एक जण तीन महिने वाट पाहत राहिला. ज्याला लाभ उपटायचा असतो तो इतका थांबत नाही.

गुरुजी : लाभाचं म्हणाल, तर उलटाच हिशेब आहे. ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीची सवलत जाते. म्हणून काही जण दाखल्यावर एक आणि रविवारी एक, असे राहतात. खोटेपणा चालतो का तुम्हाला?

पास्टर : १९५०चा राष्ट्रपतींचा आदेश आहे. आधी फक्त हिंदू, १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. २०२२ मध्ये या प्रश्नासाठी न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला. देव बदलला की जात गेली, असं कायदा म्हणतो. पाणवठ्यावर, भाड्याची खोली मागताना, लग्नाच्या बोलणीत ती गेलेली मला दिसली नाही. तरी तुमचा प्रश्न रास्त आहे. माझ्या लेकरांच्या दाखल्यावर मी खरं लिहिलं आणि त्याची किंमत भरतोय. पण ज्या मजुराच्या मुलीचं नर्सिंगचं शिक्षण त्या एका कागदावर लटकलंय, तिला व्यासपीठावरून झोडपायचं धाडस मला होत नाही. मी घरी जातो, दार लावतो आणि बोलतो. निर्णय तिचा.

गुरुजी : इथं मी तुमच्यापेक्षा कडक आहे. खोट्या कागदावर उभी राहिलेली मंडळी वाऱ्यानं पडेल.

पास्टर : आणि मी म्हणतो, माणसाला देव आणि शिक्षण यांतलं एक निवडायला लावणारा नियम आधी पडावा. इथं आपलं जुळणार नाही.

गुरुजी : नको जुळायला. पण दफनाचं तरी सांगा. पाटलांच्या वाड्यामागं ते भांडण झालं होतं.

पास्टर : जन्मापेक्षा मरण अवघड आहे गुरुजी. ख्रिस्ती दफनभूमी गावोगाव नाही. ज्याला शेत आहे तो बांधाला पुरतो. ज्याला नाही त्याचं प्रेत घेऊन मी सरपंचाच्या दारी उभा राहतो. २०२५च्या जानेवारीत बस्तरमधल्या छिंदवाडा गावातल्या एका पाळकाचा देह असाच शवागारात पडून होता. मुलगा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली आणि शेवटी वीसेक किलोमीटर लांबच्या ख्रिस्ती दफनभूमीत नेण्याचा आदेश झाला. मरणानंतर वीस दिवस! जन्मभर दुसऱ्यांना मूठमाती देणाऱ्याला स्वतःच्या गावात सहा फूट मिळाले नाहीत. ते वाचल्यावर माझी बायको दोन दिवस बोलली नाही.

गुरुजी : वाड्यामागच्या त्या भांडणाच्या दिवशी मी गावात असतो तर वाद वाढू दिला नसता. सप्त्याच्या पंगतीला तुमच्या घरची ज्वारी येते. ती चालते आणि तुमचा मृतदेह चालत नाही, हे वारकऱ्याला शोभत नाही. ग्रामसभेत गायरानाच्या तुकड्याचा ठराव मी मांडतो. मंजुरीसाठी पुढं तहसीलला खेटे घालावे लागतील, तेही घालू. पण तुम्हीही एक करा. तुमची जमाखर्चाची वही उघडी ठेवा. बाहेरून कुणी आलं, पोलीस आला, मी आलो, तरी दाखवता आली पाहिजे.

पास्टर : दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती मोठ्यानं वाचतो. आत्तापर्यंत मीच वाचायचो. आता दहावी झालेली एक मुलगी वाचते. आणि तुम्हाला सांगतो, पैशाइतकंच धान्यही त्यात आहे. मिझोरामात बायका प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढतात, आणि तिथल्या मंडळ्यांचा मोठा डोलारा त्या मुठीवर उभा आहे. आमच्या बायकांनी ज्वारीची मूठ सुरू केली. ज्याच्याकडं नाणं नाही तोही मग देणारा होतो.

गुरुजी : देणारा होतो, हे तुमचं म्हणणं मला आता समजतंय. तरीही माझ्या मनातला संत पैसे घेत नाही.

पास्टर : मी संत नाही, गुरुजी. संताला मंडळी काढू शकत नाही. मला काढू शकते.

गुरुजी : आणि तुम्ही थकलात तर? पेन्शन नाही, फंड नाही. बॉयलरवर साठीत कोण घेणार?

पास्टर : त्याची चिंता आहे. म्हणून आतापासून दोन तरुणांना उपदेश करायला शिकवतोय. महिन्यातून एक रविवार ते घेतात. एक जण शेळ्या पाळतो, एक पूर्णा कारखान्यावर ऊसतोडीच्या टोळ्यांचा हिशेब ठेवतो. माझ्यानंतर मंडळीनं यांतला कुणी घ्यावा की तिसरा, ते मंडळी ठरवेल.

इथं संवाद थांबवतो. माझा कल पास्टरच्या बाजूनं आहे, आणि त्याचं कारण मराठवाड्याच्या इतिहासातही आहे. जालन्याजवळ नारायण शेषाद्री यांनी निजामाच्या राज्यात जमीन मिळवून बेथेल हे गाव वसवलं. ख्रिस्ती झाल्यावर ज्यांचा गावातला हक्क तुटत होता, त्यांना घर आणि विहीर मिळावी, हा त्यामागचा विचार थोर होता. पण वरून आलेली जमीन आणि बाहेरून आलेला पगार यांनी आसरा मिळतो. जाब विचारायची ताकद त्यातून आपोआप येत नाही. ती आपल्या खिशातलं थोडं का होईना, दिल्यावर येते. वसमतच्या एखाद्या गावात रोजंदारीवर जगणारी बाई आपल्या पाळकाला उभं राहून प्रश्न विचारते, तेव्हा ती जे करते ते ग्रामपंचायतीत, सोसायटीत, कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत करायला तिला अजून मिळत नाही.

गुरुजींचे दोन मुद्दे मात्र मी तसेच्या तसे उचलतो. पाळकाच्या बायकोचं काम वहीत नोंदलं जावं आणि त्याचा वाटा तिच्या हातात पडावा. आणि पाळक थकल्यावर त्याचं काय, हा प्रश्न निवडीच्या सभेतच विचारला जावा. त्यासाठी दरमहा पोस्टात थोडी रक्कम टाकायला मोजक्या घरांची मंडळीही समर्थ असते. तिसरी गोष्ट गावानं करायची आहे. दफनासाठी जागा हा कुणावर उपकार नव्हे. जो माणूस रात्रभर गावाची हळद शिजवतो आणि दिवसा गावातल्या आजाऱ्याच्या उशाशी बसतो, तो गावाचाच आहे, आणि तसा ठराव ग्रामसभेनं लेखी करावा.